कंडक्टरांची हिब्रू

लातुरात हिब्रू भाषा आणली ती आमच्या शेजारच्या निवृत्त एसटी कंडक्टरांनी, आणि तिचं श्रेय लाटलं ते मी. यातली पहिली गोष्ट ऐकून लोक हसतात. दुसरी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्यांची लेक इस्राएलमध्ये एका म्हातारीची देखभाल करायला गेली. लेकीच्या फोनवर ती म्हातारी दिसायची, हात हलवायची, काहीतरी बोलायची. "आपल्या लेकराला जीव लावून राहिली ती बाई, अन् आपण नुसते दात दाखवायचे?" असं म्हणून हा माणूस पासष्टाव्या वर्षी मोबाइलवरून हिब्रू शिकायला बसला. वडील निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहिणं घरातलंच. मग गल्लीची धडगत राहिली नाही. भाजीवाल्याला आभाराचं 'तोदा', दूधवाल्याला 'रेगा', म्हणजे जरा थांब, आणि गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीत वाट काढताना 'स्लिखा, स्लिखा', म्हणजे माफ करा. एकदा रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीलाही त्यांनी 'स्लिखा' म्हटलं. ती उठली, तेव्हा मोठ्या समाधानाने मला म्हणाले, "बघा, समजतंय तिला." या भाषेत बहुतेक शब्द तीन-तीन अक्षरांच्या मुळातून निघतात, हेही त्यांनीच मला समजावलं. "मूळ म्हंजे डेपो, सर. डेपो एक, गाड्या लई. क-त-व ह्या डेपोतनं लिहिणं निघालं, पत्राचं मिख्ताव निघालं, पत्त्याचं क्तोवेत बी तिथलंच. आपली किताब ह्याच खानदानातली." मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक. सकाळी कट्ट्यावर त्यांची नक्कल करून हशा मिळवायचो आणि दुपारी त्यांची हिब्रूची वही मागून आणून वाचत बसायचो.

एका स्थानिक दैनिकाने माझ्याकडे भाषेवर लेख मागितला. मी वहीतलं सगळं उतरवलं, डेपोसकट. खाली नाव फक्त माझं. लेख आला त्या सकाळी ते अंक घेऊन धावत आले. "सर, आपला डेपो छापून आला की!" 'आपला' म्हणाले. मी अंक हातात घेऊन छपाईच्या चुका शोधत बसलो.

इस्राएलला नोकरीला निघालेल्या मुलींना हिब्रू फुकट शिकवावी, एवढी एकच कंडक्टरांची इच्छा होती. त्यासाठी खोली मागायला ते एका संस्थेत दोन वर्षं खेटे घालत होते. लेखानंतर संस्थेने खोली दिली, वर्गही दिला, पण मला. "कंडक्टर काय शिकवणार?" असं सचिव म्हणाले, तेव्हा मी हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडावरून जात नाही.

कंडक्टर शेवटच्या बाकावर बसू लागले. तिसऱ्याच दिवशी निलंग्याच्या एका मुलीने विचारलं, "सर, आजाऱ्याला 'रफुआ श्लेमा' म्हणतेत. ह्यातलं श्लेमा अन् शालोम एकाच डेपोतलं का?" मी वही चाळू लागलो. मागून आवाज आला, "सरांनी कालच सांगितलं मला. एकच डेपो. शालोम म्हंजे नुसती शांती न्हाई, धड असणं, काई उणं नसणं. तसं पुरं बरं व्हा, असं म्हणायचं ते. बराबर ना, सर?"

मी म्हणालो, "बरोबर."

वर्ग आठ महिने असाच चालला. मुली तिकडे नोकरीला गेल्या. सणासुदीला त्यांचे मला निरोप येतात, 'सर, तुमच्यामुळे.' ते वाचवेनात, म्हणून इथवर लिहिलेलं मी परवा कंडक्टरांना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत ऐकत होते.

"त्या मुलींनाही खरं कळवायला हवं," मी म्हणालो.

"त्यायला माहीत हाय, सर. शब्द अडला की मलाच फोन करून राहिल्यात त्या. सणाला तेवढं सरांना इसरू नका, म्हणून मीच सांगतो."

मी कागदांची घडी घालत उभा राहिलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. 'शालोम' म्हणत त्यांनी तो कानाला लावला, आणि मला बसता यावं म्हणून बाजेवर जरासे सरकले.