साधनाबाईंचे तीन प्रश्न

साधनाबाई म्हणजे भलतीच चिवट बाई. पुण्याजवळच्या सूसवरून रोज स्कूटीनं मुळशीतल्या माले गावच्या शाळेत यायच्या आणि सातवीच्या पोरांना इंटरनेट शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, तर तीन प्रश्न घोकून घ्यायच्या: कुणी सांगितलं? कधी सांगितलं? आणखी कोण सांगतंय? भातावरच्या रोगाचं औषध असो की धरणात मगर दिसल्याची बातमी, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय काही खरं मानायचं नाही.

शाळा समितीचे अध्यक्ष कुशाबा यांना ही थेरं पटत नव्हती. "पोरं बिघडत्यात, बाई. मोबाइलनं कुनाचं भलं झालंय?" शनिवारी त्यांनी शाळेचे सहाही टॅब कपाटात कोंडले आणि चावी खिशात टाकली. सोमवारी ते स्वतः वर्गात बसून बाईंचा तास बघणार. पटलं तर चावी परत, नाही तर टॅब कायमचे कपाटात.

रविवारी संध्याकाळी पाऊस नुसता कोसळत होता आणि फोनवर एक पत्र आलं. मोठा शिक्का, खाली सही. अतिवृष्टीमुळे मुळशीतल्या शाळांना सोमवारी सुट्टी! बाईंना हायसं वाटलं. चला, परीक्षा टळली. पत्र पालकांच्या ग्रुपवर ढकललं, फोन चार्जिंगला लावला आणि ढाराढूर झोपल्या.

सकाळी त्या निवांत भजी तळत होत्या, तेवढ्यात कुशाबांचा फोन.

"बाई, समदी पोरं शाळंत हायेत. मीबी हाय. तुमी कुटं?"

"अहो, आज सुट्टी ना? ते पत्र..."

"मागल्या सालचं हाय ते! वैष्णवीनं कालच ग्रुपवर टाकलंय. बघितलं न्हाई व्हय?"

वैष्णवी त्यांच्याच वर्गातली. आईच्या फोनवरून लिहिलं होतं, 'बाई, कोपऱ्यातली तारीख बघा, गेल्या वर्षाची आहे. सरकारी साइटवर सुट्टी नाही. शेजारच्या शाळेतल्या सरांनाही विचारलं, शाळा आहे.' पोरीनं एकही प्रश्न गाळला नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी मात्र एकही विचारला नव्हता. अगं बाई गं! गॅस बंद केला, रेनकोट उलटाच चढवला आणि बाई सुटल्या.

चिंब भिजून दारात पोचल्या, तर वर्ग खदाखदा हसत होता.

"बाई, सुट्टी कुनी सांगितली?" वैष्णवीनं विचारलं.

"कधी सांगितली?" अख्खा वर्ग ओरडला.

बाईंनी कान पकडले. "चुकलं रे बाबांनो. मीच विचारलं नाही." लाजेनं तोंड लाल झालं होतं, पण पोरांकडे बघून ऊर असा भरून आला की हसू आवरेना.

कुशाबांनी टोपी सारखी केली. "पोरं बिघडतील म्हनत हुतो. हितं तर पोरांनी बाईंनाच पकडलं! आन् खोटं कशाला बोलू, मीबी ते पत्र चार जनांना धाडलं हुतं. टॅब पोरांकडंच ऱ्हाऊ द्या."

खिशातून चावी निघाली. बाईंनी हात पुढे केला. कुशाबा त्यांच्या शेजारून पुढे गेले आणि चावी वैष्णवीच्या तळहातावर ठेवली.

सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या साधनाबाईच.