तळ्यावर जाणारी चाळीस नावं

याद्या करणं हा गुणाजी राऊताचा आवडता उद्योग. लष्कराच्या डेपोत स्टोअरमध्ये तीस वर्षं काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? लग्नाची आमंत्रणं असोत की पापडाचं सामान, कागद दुमडून मधोमध रेघ मारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यामुळे डेपोवाल्यांनी तळ्याच्या जत्रेसाठी चाळीसच नावं मागितली, तेव्हा सगळ्यांनी डोळे झाकून ते काम गुणाजीकडे दिलं.

तळवली हे बोरिवलीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं गाव. बेचाळीस साली लढाईच्या धामधुमीत सरकारने ते उठवलं आणि तिथं डेपो बसवला. घरं गेली, आंबे गेले, तळं तारेच्या कुंपणात गेलं. गावकऱ्यांनी रस्त्याच्या अलीकडे नवी तळवली वसवली, तीही वरची आळी आणि खालची आळी अशी जुन्यासारखीच. कोणी कुठं राहायचं हे कोणाला सांगावंसुद्धा लागलं नाही. छप्पन्न साली खालच्या आळीने धर्म बदलला, घराघरात बुद्धाची तसबीर आली. आळी मात्र वरच्यांच्या तोंडी खालचीच राहिली.

गावदेवी तेवढी तळ्याच्या काठीच राहिली. तिला हलवायची कोणाची हिंमत झाली नाही. म्हणून दरवर्षी माघी पौर्णिमेला डेपोचं मागचं गेट दोन तास उघडायचं आणि सगळी तळवली आत जायची. पण चौऱ्याऐंशी सालानंतर सगळीकडेच बंदोबस्त आवळला गेला. पंच्याऐंशीच्या जत्रेला नवा हुकूम आला: फक्त जुने गावकरी, फक्त चाळीस, नावं आधी द्या.

गुणाजीने यादी केली. चौतिसाव्या नावाला पोचेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग त्याचा हात अडला. त्याच वर्षी त्याच्या नलिनीचं लग्न झालं होतं. तिचे सासरे माणिकराव जुहूच्या एका मोठ्या हॉटेलात स्टोअर सांभाळायचे आणि बोलताना दर दोन वाक्यांनी त्या हॉटेलावर यायचे. त्यांच्यासमोर गुणाजीने लग्नातच छाती फुगवून सांगितलं होतं, "डेपोचं गेट आमच्यासाठी उघडतं, व्याही. तुम्हाला दाखवतोच." आता व्याही, विहीणबाई, जावई आणि त्याचा धाकटा भाऊ अशा चार जागा हव्या होत्या. गावची अडतीस आणि ही चार, म्हणजे कागदावर दोन नावं जास्त होत होती. त्यांतलं एक नाव एका चुलत भावाचं होतं, तो तसाही गोव्याला गेला होता. दुसरं सोनूबाईचं.

सोनूबाई खालच्या आळीतली, राजारामची बायको. राजाराम आणि गुणाजी डेपोत एकाच दिवशी लागले होते, एका डब्यातून नाही तरी एका बाकावर बसून जेवले होते. राजाराम वारल्यालाही आता सहा वर्षं झाली होती. ती देवीला जात नसे. आत गेली की ती तडक तळ्याच्या खालच्या टोकाला जायची, एका पांगाऱ्याखाली घटकाभर बसायची आणि परत यायची. तिची पहिली मुलगी, चार महिन्यांची, तिथं पुरलेली होती. गाव उठायच्या आधीच्या चैत्रातली ही गोष्ट. जमीन दगडासारखी झाली होती आणि राजारामचे हात चालत नव्हते. कुदळ गुणाजीने घेतली होती.

हे सगळं त्याला आठवत होतं. विसरला असता तर त्याला माफ तरी करता आलं असतं. पण त्याने आठवणीसकट तिचं नाव खोडलं आणि वर मनाशी पुटपुटला, "त्यांनी देवी सोडली ना? मग देवीच्या यादीत कशाला?" स्वतःला पटेपर्यंत तो हे दोनदा म्हणाला.

पौर्णिमेच्या सकाळी गेटवर रांग लागली. सुभेदार नाव वाचायचा आणि एकेक माणूस आत सोडायचा. माणिकराव काळा चष्मा लावून, गळ्यात कॅमेरा अडकवून उभे होते. धूळ उडाली की नाकाला रुमाल लावत होते. सोनूबाई रांगेत होती, नेहमीसारखी. हातात फडक्याची एवढीशी पुरचुंडी. तिची पाळी आली तेव्हा सुभेदाराने कागद वरून खाली पाहिला, मग खालून वर पाहिला.

"राऊतजी, ये माताजी आपके गाँव की हैं क्या?"

एक 'हो' पुरला असता. सुभेदार भला माणूस होता, त्याने एकेचाळिसावा माणूसही सोडला असता. पण मग नाव का नाही, हे विचारलं असतं, आणि माणिकराव शेजारीच उभे होते. गुणाजी कागदाकडे बघत म्हणाला, "यादी में नाम नहीं है ना, साब."

सोनूबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिचं लक्ष माणिकरावांच्या कॅमेऱ्याकडे गेलं, जावयाच्या भावाच्या घट्ट पँटकडे गेलं. तिला यादी वाचावी लागली नाही. ती रांगेतून बाहेर आली आणि पुरचुंडी त्याच्यासमोर धरली.

"तू तर चाललायस ना आत, गुणाभाऊ? मग हे ठेव तिथं. चुरमुरे नि गुळाचा खडा हाय. जागा तुला दाखवायला नको, तूच खणलीस."

त्याने ती खिशात टाकली. दहा पावलं आत गेल्यावर माणिकरावांनी विचारलं, "कोण हो ही बाई?"

"असेल कोणीतरी खालच्या आळीतली," गुणाजी म्हणाला.

चाळीस वर्षं तो तिला वहिनी म्हणत आला होता. पण माणूस एकदा घसरला की थांबत नाही. देवीला नारळ फोडून झाल्यावर तो व्याह्यांना तळ्याचा इतिहास सांगायला लागला. "हे तळं आमच्या आजोबांनी खणवलं बरं का. मोठा दुष्काळ पडला होता." दुष्काळ खरा होता. तळं मात्र अख्ख्या गावाने खणलं होतं, आणि सगळ्यात जास्त माती उपसली होती ती खालच्या आळीने. पाणी लागलं, पायऱ्या बांधल्या, आणि मग त्याच लोकांना त्या पायऱ्यांवर बंदी झाली. त्यांनी खालच्या टोकाला पाणी भरावं, असं ठरलं. कोणी ठरवलं? आजोबांनीच. गुणाजीला हेही माहीत होतं.

"ठीक आहे," माणिकराव म्हणाले. "पण आमच्या जुहूला समुद्रच आहे ना, त्यामुळे तळ्याचं एवढं काही वाटत नाही."

पाण्यापलीकडे पांगारा दिसत होता. पानं झडलेली, लाल फुलांनी भरलेला. चालत गेलं तर दहा मिनिटांची वाट. गुणाजी दोनदा निघाला. एकदा विहीणबाईंना देवीसमोर फोटो हवा होता, एकदा जावयाने काही विचारलं. तिसऱ्यांदा कोणीच अडवलं नाही, तेव्हा मात्र मनात आलं की कुठं चाललात असं विचारलं तर काय सांगायचं? तो उभाच राहिला. मग शिट्टी वाजली, वेळ संपली.

सोनूबाई गेटबाहेर मोरीच्या कठड्यावर उन्हात बसली होती, दोन तास.

"ठेवलंस?"

"ठेवलं," गुणाजी म्हणाला.

"फुलं आली होती झाडाला?"

"हो. लालभडक."

तिने मान हलवली आणि पदर सावरून चालू लागली. दिवसभरात तो तिच्याशी एवढं एकच खरं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या शर्टाच्या खिशाला मुंग्या लागल्या. जानकीने पुरचुंडी बाहेर काढली आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बायकोजवळ कबूल करणं सोपं असतं. जानकीने पुरचुंडीवरच्या मुंग्या झटकल्या. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी तिला घेऊन जा. तिच्याबरोबर जा. यादीत पहिलं नाव तिचं घाला."

त्याने तसं मनाशी पक्कं केलं. त्या आशेवर वर्ष निभावलं. शहाऐंशीच्या माघात यादी घेऊन तो गेटवर गेला तर तिथं पाटी लागली होती: प्रवेश कायमचा बंद. देवीची पूजा आता डेपोचे जवानच करणार होते. गुणाजीने अर्ज केले, जुन्या साहेबांना गाठलं, दोनदा फाटकावरून परत आला. काही उपयोग झाला नाही.

पाटीची बातमी दोन्ही आळ्यांत पसरली. वरच्या आळीत आरडाओरड झाली. खालच्या आळीतून जानकी वेगळंच ऐकून आली. सोनूबाई नळावर बायकांना सांगत होती की, गेट बंद झालं तरी माझ्या पोरीला शेवटचं पोचलं, गुणाजीने स्वतःच्या हाताने ठेवलं.

"अहो, आता जा नि तिला खरं सांगा," जानकी म्हणाली. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

त्याच संध्याकाळी तो गेला. सोनूबाई खाटेवर बसली होती. तिचा मुलगा अंबादास टेलिफोन खात्यातल्या नोकरीवरून नुकताच घरी आला होता. चाळीस वर्षांत राजारामच्या घरी गुणाजी शेकडो वेळा आला असेल, पण पाण्याचा घोटही त्याने कधी तिथं घेतला नव्हता. पोट बरं नाही, आत्ताच जेवलो, उशीर झालाय, असं काहीतरी त्याच्याजवळ नेहमी तयार असायचं. राजाराम हसून सोडून द्यायचा.

"वहिनी, एक बोलायचं होतं. त्या पुरचुंडीचं."

"तू आधी बस," ती म्हणाली. "मला म्हाइती हाय तू का आलास. यादीतलं नाव तूच काढलंस ना? त्या दिवशी तुझ्या तोंडावर थुंकावंसं वाटलं होतं मला, गुणाभाऊ. खरं सांगते. आमच्या ह्यांचा दोस्त म्हणून गप ऱ्हायले. पण तू नेऊन ठेवलंस, तिथं माझा राग संपला. माणूस चुकतो, मागनं सुधारतो. तू सुधारलास."

आता खरं सांगायचं म्हणजे तिच्या हातात उरलेलं शेवटचं काढून घ्यायचं, असं त्याने स्वतःला समजावलं. आणि समजावताना त्याला कळत होतं की सुटल्यासारखं वाटतंय ते तिच्यासाठी नाही. त्याची त्याला किळस आली.

"अंबादास, चहा टाक रे काकांना," सोनूबाई म्हणाली. "तुझ्या बहिणीसाठी ह्यानं केलंय ते कोणी केलं नसतं."

अंबादासने चहा आणला. काका नको म्हणतील असं धरून कप जरा लांबच ठेवला. गुणाजीने हात लांब करून तो उचलला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"साखर कमी तर नाय ना झाली?" सोनूबाईने विचारलं.

"नाही वहिनी," गुणाजी म्हणाला. "झकास झालाय."