एका दिवसाची गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला तर नाहीच. देवापुढेही टाळत आले — त्याला ठाऊकच आहे, मग बोलायचं कशाला, असं म्हणून.

इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचे. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पीयूष ग्रंथी असते. तिच्यावर हायपोथॅलॅमस. तो हिला हुकूम सोडतो, ही खालच्या ग्रंथींना — गळ्यातल्या थायरॉइडला, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना. हिचा हुकूम थांबला की खालचं सगळं थंड पडतं. दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवायचे. आणि घरात माझ्या वहिनीच्या अंगात हेच झालेलं होतं.

बाळंतपणात तिचं फार रक्त गेलं. मूल राहिलं नाही, दूधही उतरलं नाही. पुढे ती सदा गारठलेली, थकलेली. आई तिला आळशी म्हणायची. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं — रक्ताविना ती ग्रंथी सुकली आहे. रोज गोळी, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. डॉक्टरांचा कागद मीच तिला समजावून दिला होता. मीच.

दादा कापडाच्या मिलमध्ये होता. मिल बंद पडली आणि आईला कारण सापडलं. "मागच्या हरतालिकेला हिनं गोळीच्या बहाण्यानं पाणी प्यायलं. निर्जळ उपास मोडला, अन् मिलला ताला लागला." हसू येतं ना? तेव्हा आमच्या घरात कुणी हसलं नाही.

पुढच्या हरतालिकेला वहिनीच्या अंगात बारीक ताप होता. दादा मिलच्या गेटवर धरण्याला गेलेला. वाळूचा महादेव मांडता मांडता तिनं आईसमोरच मला विचारलं, "वन्सं, एक दिवस गोळी नाही घेतली तर चालेल ना?" आई माझ्याकडे बघत होती. मला उत्तर ठाऊक नव्हतं का? होतं. पण सकाळी सकाळी तोंडाला तोंड नको होतं. आणि खरं सांगू? तिच्या आजारपणाचा मला कंटाळा आला होता. "चालतं," म्हणाले आणि शाळेत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. गोळी दिली, ती पोटात ठरली नाही. अंग गार, बोलणं असंबद्ध. रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तिला ओळखत नव्हता. "कोई दवाई चल रही है इनकी?" आई म्हणाली, "कुछ नहीं, व्रत की कमज़ोरी है." मी शेजारीच उभी होते. गोळीचं नाव काढलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला — बंद कुणाच्या सांगण्यावरून केली? मी गप्प राहिले. त्यांनी सलाइन लावलं. तिला कुठलं इंजेक्शन हवं होतं, ते मला नावानिशी माहीत होतं. दादाला निरोप पोचून तो येईपर्यंत ती गेली.

दादानं पुन्हा लग्न केलं नाही. "माझ्यासाठी उपाशी राहिली अन् गेली," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. दर हरतालिकेला स्वतः पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. गेल्या साली तोही गेला. तेवढी सगळी वर्षं, त्या दिवशी, मी एकटीपुरता स्वयंपाक केला आणि त्याच्यासमोर बसून जेवले.