प्लेटांखालच्या गाद्या

दिग्रसच्या रहमत पिंजाऱ्यांना कुठलीही वस्तू कठीण जागी टेकलेली बघवत नसे. घरात रेडिओखाली चौघडी, माठाखाली कापसाची चुंबळ. पाहुणा आला की आधी त्याच्या पाठीशी उशी सरकवायची, मग पाणी विचारायचं. त्यांचे वडील खांद्यावर कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण टाकून गावोगाव फिरत. त्याच्या तारेचा टणत्कार ऐकला की बाया आपापल्या गाद्या ओट्यावर आणून टाकत. रहमतमियांनी पुढे कापूस पिंजायचं विजेचं मशीन घेतलं. पिंजण दुकानाच्या भिंतीवर गेलं, पण त्याच्या खुंटीलाही त्यांनी कापसाचा बोळा गुंडाळला.

उन्हाळा ही त्यांची सुगी. लग्नाच्या नव्या गाद्या भरायच्या, जुन्या पिंजून द्यायच्या. आणि नेमकी त्याच दिवसांत दुपारची वीज जाई. मशीन मुकं होई. यवतमाळला गॅरेज चालवणारा मुलगा अब्रार दर वर्षी म्हणे, "अब्बा, पुरे झालं आता. मशीन विकू अन् तुमी दोघं तिकडे या." रहमतमिया ऐकू न आल्यासारखं करत.

मग अब्रारची मुलगी उमेरा दिवाळीच्या सुट्टीत आली. ती यवतमाळच्या कॉलेजात नुकतीच विज्ञानाला गेली होती. "दादा, छतावर सोलर लावा," ती आजोबांना म्हणाली. "हिवाळ्यात मशीन चालेल, अन् उन्हाळ्यात तर पळेल. जितकं ऊन तापलं तितकी वीज." रहमतमियांना हे इतकं पटलं की ज्या उन्हाळ्याला जन्मभर नावं ठेवली तो पहिल्यांदा आपला वाटला.

अब्रारने अट घातली. "या उन्हाळ्यात मशीन त्याच्यावर चाललं तर ठीक. नाही तर लग्नं आटोपली की मी टेम्पो घेऊन येतो. मग काहून अन् कायले म्हणायचं नाही."

रहमतमिया हो म्हणाले. उमेराच्या शब्दावर त्यांनी आपलं दुकानच ठेवलं म्हणा ना.

सोलरच्या प्लेटा बसल्या आणि थंडीत मशीन असं चाललं की हुस्नाबी, त्यांची बायको, शेजारणींना बोलावून दाखवू लागली. मार्चमध्ये वारं सुटलं आणि छताच्या टिनावरच्या प्लेटा खडखडू लागल्या. काचेचा जीव तो. रहमतमियांना राहवेना. ते शिडी लावून वर चढले आणि टीन आणि प्लेटा यांच्यामधल्या पोकळीत जुन्या गाद्या ठासून भरल्या. खडखड थांबली.

"अजी, त्या माह्या माहेरच्या गाद्या आहेत," खालून शिडी धरून हुस्नाबी म्हणाली.

"घरातच आहेत ना मग."

"घरात कुठे? घरावर आहेत."

एप्रिल लागला. डांबर मऊ पडावं असं ऊन तापलं आणि मोटर कण्हू लागली. दुपारी कापूस घातला की मशीन गपकन थांबे. रहमतमिया बाहेर येऊन डोळ्यांवर हात धरून वर बघत. "इतकं ऊन पडून राह्यलं. जाते कुठे?"

"गाद्यांवर झोपलं असन," हुस्नाबी म्हणे.

त्यांनी प्लेटा पुसून पाहिल्या, वायरी तपासून घेतल्या. काही फरक पडला नाही. मेच्या सुरुवातीला त्यांनी नवीन काम घेणं बंद केलं. एका सकाळी हुस्नाबीने पाहिलं, तर ते मशीनच्या पायांच्या बोल्टांना तेल घालत होते. "उचलताना अब्रारले तरास नको," एवढंच म्हणाले. त्या दिवशी तिने एकही टोमणा मारला नाही.

परीक्षा संपवून उमेरा आली ती पडल्या चेहऱ्यानेच. "दादा, मी तुमाले चुकीचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मलेही तेव्हा तेवढंच ठाऊक होतं. प्लेट उजेडावर चालते, गरमीवर नाही. गरमीनं तर ती दमते. सरांनी आमाले प्लेटांच्या मागं थर्मामीटर लावून दाखवलं. जितकी तापली, तितकी वीज उतरली. म्हणून मागून हवा खेळती लागते."

"मागून?" रहमतमियांनी सावकाश विचारलं.

"हो. फिटर खाली पोकळी ठेवते ना, ती त्याच्यासाठीच."

हुस्नाबीने तोंडाला पदर लावला. "चाल बेटा, तुले वर दाखवते. तुह्या दादानं सूर्याले गादी घातली."

गाद्या ओढून काढल्या तेव्हा त्या तव्यावरून उतरल्यासारख्या तापल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कापूस घातला. मशीन कण्हलं, पण थांबलं नाही. रहमतमियांचा चेहरा फुलला. उमेराने मात्र त्यांना खोटी आशा दिली नाही. "जानेवारीसारखं चालणार नाही, दादा. गरमी आहे तोवर थोडं कमीच राहील."

त्यावर त्यांनी थोडा विचार केला. दमट कापूस आपण पिंजत नाही, वाळेपर्यंत थांबतो, तसंच हे. आता ते ऊन तापायच्या आत पिंजून घेऊ लागले आणि दुपारी शिलाईला बसू लागले.

"गरमीत कमी दमणाऱ्या प्लेटा करून राह्यले लोक," एकदा उमेरा सुईत दोरा ओवून देताना म्हणाली. "पण कधी स्वस्त होतील, माहीत नाही. मी आज सांगते तेही उद्या बदलू शकते."

"बदललं की सांगत जाय. लाजू नको," रहमतमिया म्हणाले. "छतावर आणखी जागा आहे."

लग्नं आटोपल्यावर अब्रार टेम्पो घेऊन सकाळीच आला. दारातूनच त्याने दोनदा "अब्बा" अशी हाक मारली. मशीनच्या आवाजात आत कोणाला ऐकू गेलं नाही. दुकानभर कापूस उडत होता आणि रहमतमियांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. अब्रारने चालत्या मशीनकडे पाहिलं आणि तो चहा प्यायला आत गेला.

"टेम्पो रिकामा कायले नेतं?" हुस्नाबीने त्याला विचारलं. प्लेटांखाली तापून तापून माहेरच्या गाद्यांचा कापूस वाळून खुटखुटीत झाला होता. पिंजल्यावर तो असा फुगला, की दोन गाद्यांच्या तीन झाल्या. त्यातल्या दोन लेकाच्या घरी द्यायचं तिने ठरवून टाकलं होतं.

रहमतमियांनी आधी टेम्पोत जुनी चादर अंथरली, पत्रा टोचायला नको म्हणून. वर गाद्या ठेवल्या. मशीन बांधायला आणलेले दोर अब्रार त्यांच्यावरून ओढू लागला.

"इतकं आवळू नको," रहमतमिया म्हणाले. "कापूस दबते."