पूजेचा पाट

जळक्या ऑइलचा वास आला, की परतूरच्या अंगणातला तो दसरा आठवतो. चढावर जोर यावा म्हणून दादानं भंगारातून आणलेला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आमच्या जुन्या डिझेल जीपला घरीच बसवला होता. वहिनीनं पूजा आटोपली, दादानं चावी फिरवली आणि इंजिन किंचाळतच सुटलं. चावी काढली तरी थांबेना; टर्बोतून गळणारं ऑइलच ते डिझेलसारखं जाळत होतं. धुरात झेंडूची माळही दिसेनाशी झाली.

"हवेचं तोंड दाबा जल्दी, न्हाई तर फुटंल हे!" दादा ओरडला.

वहिनीनं पूजेचा पाट उचलून टर्बोच्या उघड्या तोंडावर दाबून धरला. इंजिन गुदमरून थांबलं.

"इंजिन वाचलं बघा," दादा बोनेटवर हात फिरवत म्हणाला. आम्ही हसलो.

वहिनी अजूनही दसऱ्याला गाडी पूजते. पण गाडी सुरू होऊन फाटकाबाहेर पडेपर्यंत हातातला पाट खाली ठेवत नाही.