तंबूंचं गाऱ्हाणं

आंबोलीच्या अलीकडे आमच्या काजूच्या बागेत मी पर्यटकांसाठी तंबू लावतो. तंबू आपले म्हणायचे. आत पलंग, मागे गरम पाणी. मुलाबाळांना घेऊन माणसं येतात आणि आपण जंगलात राहिलो म्हणून खूश होऊन जातात. होऊ देत.

दर हंगामात पहिला तंबू उभारण्याआधी जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. मी एकेक मागणं मागायचो आणि बायको नि मुलगा मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. बायको वारली. मुलगा दुबईला गेला, तो तिकडचाच झाला. यंदा नारळासमोर मी एकटाच उभा राहिलो.

"येतल्या पोरांका सुखान झोप लागांदे."

मागून म्हणायचं तेही मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"साप-किरडू वाटेतसून दूर ठेव."

"व्हय म्हाराजा."

"माझो झील एकदा तरी हंय रवाक येवंदे."

मुलगा इथं राहायला यावा, हे मागायची इतकी वर्षं कधी वेळच आली नव्हती. त्यावर 'व्हय' म्हणायला मात्र माझी जीभ रेटेना.