बाळकाकांनी मूर्ती उचलली नाही

मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या गणेशोत्सवात मूर्ती उचलायची ती बाळकाकांनीच, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. गाड्यांच्या कंपनीत जन्मभर इंजिनिअर म्हणून राबलेला हा बुटका, रुंद माणूस मूर्ती छातीशी धरून आत यायचा, तेव्हा अख्खा हॉल उठून उभा राहायचा.

या वर्षी मात्र काका खुर्चीत बसून होते. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबलेले.

"काय काका, रिटायर झालात की काय यार?" मंडळातल्या राजीवनं मूर्तीला हात घालता घालता टोमणा मारला. "की काकूंनी परमिशन कॅन्सल केली?"

काका नुसते हसले. त्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती. कधी फुटेल याचा नेम नव्हता. फुप्फुसं कमजोर, म्हणून पोट उघडणं धोक्याचं. जांघेतून नळी सरकवून आतून अस्तर बसवावं, तर वाट नागमोडी आणि फुगा थेट मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या फाट्यांना भिडलेला. अस्तर टेकायला जागाच नाही.

"काका, तुमची ॲनाटॉमी म्हणजे टोटल हेडेक आहे," मिशिगनमध्येच जन्मलेली डॉक्टर रुही म्हणाली होती. "पण तुमच्या मापाचं अस्तर बनवून घेऊ. किडन्यांकडे रक्त जायला त्याला खिडक्या ठेवू. थोडे आठवडे लागतील. तोवर वजन उचलायचं नाही. प्रॉमिस?"

काकांनी शब्द दिला होता. घराबाहेर मात्र कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

आणि मूर्ती दारातच अडकली. पोरांची ओढाताण सुरू झाली. काका ताडकन उठले. वसुधाकाकू लांबून बघत होत्या. काका उभ्या उभ्या थांबले आणि पुन्हा खाली बसले.

"राजीव," खड्या आवाजात ते म्हणाले, "माझ्या पोटात फुगा आहे. उचललं तर फुटेल, आणि मला अजून जगायचंय. आता मुकाट्यानं डावा खांदा खाली घे."

राजीवनं खांदा खाली घेतला. मूर्ती तिरकी होऊन अलगद आत आली.

पानगळीत अस्तर आलं. ऑपरेशन तासन्‌तास चाललं. राजीव थर्मासमधून चहा घेऊन काकूंपाशी बसून राहिला. अखेर रुही बाहेर आली. "खिडक्या बरोब्बर बसल्यात. आता किडन्या काय म्हणतात ते बघू."

दुसऱ्या सकाळी काकांनी डोळे उघडले. काकू वाकून पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी न्याहाळत होत्या.

"किती?" काकांनी पुटपुटत विचारलं.

"भरत आलीय."

"मग राजीवला सांग, पुढच्या वर्षी एक बाजू माझी."

"आधी रुहीला विचारा," काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून नर्सला हाक मारायला गेल्या.